थांबायचे दोन महिने

पोळा होऊन आठवडा झाला असेल. सौंसरच्या मुलींच्या शाळेत फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता उर्मिलाच्या उजव्या ओटीपोटात कळ आली. ती खुर्चीवर बसली आणि बसूनच तास पुरा केला. कळ पहिल्यांदा आली नव्हती. पण वर्गासमोर आली तेव्हा तिनं ठरवलं की आता दाखवायचं. रविवार गेल्यावर ती नवऱ्याबरोबर छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागपूरला गेली.

बायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतिभाबाईंनी बराच वेळ तपासलं. मग हात धुऊन समोर बसल्या.

"तुमच्या उजव्या बीजकोशावर गाठ आहे. हाताला मोसंबीएवढी लागते. आत पाणी असावं."

"असावं म्हणजे?" उर्मिलानं विचारलं.

"म्हणजे पोट उघडल्याशिवाय नक्की कोणी सांगू शकत नाही. पुष्कळ गाठी आपोआप जिरतात. काही वाढतात. थोड्या वाईट निघतात. तुमची तशी वाटत नाही, पण मी शब्द देणार नाही."

"मग आता?"

"दोन महिने थांबायचं, पुन्हा तपासायचं. मधेच सहन होणार नाही अशी कळ आली, ओकाऱ्या झाल्या, तर वेळ न बघता निघून या."

परतीच्या गाडीत सावनेरला तिच्या नवऱ्यानं, मोरेश्वरनं, चहा घेतला आणि हातातच गार होऊ दिला.

मोरेश्वर तहसील कचेरीत कारकून होता. तिथं १९५६ च्या त्या दिवसांत एकच विषय, राज्यांची पुनर्रचना. नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार, सौंसर मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळ. कोणाला कोणत्या राज्यात नोकरी पाहिजे ते साहेब विचारून राहिले होते. घरी आल्यावर जेवताना मोरेश्वर म्हणाला, "मी मुंबई राज्य मागतो. नागपूरला बिऱ्हाड करू. दवाखाना जवळ राहील."

उर्मिलानं मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं. थांबायचं म्हणजे काय करायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कणीक मळता मळता तिचा हात थांबे आणि पोटाकडे जाई. परकराची नाडी रोज जिथं बांधायची तिथंच येते का, हे ती सकाळ-संध्याकाळ बघे. एखादे दिवशी नाडी कमी पडतेय असं वाटे आणि सबंध दिवस त्यात जाई. आठ वर्षांच्या वंदनाची वेणी घालताना मनात येई, पुढल्या वर्षी हिची वेणी कोण घालेल? असं मनात आलं की ती वेणी इतकी घट्ट ओढी की पोर ओरडे.

विहिरीवर शेजारच्या कलाबाई रोज हसून विचारत, "का हो उर्मिलाबाई, वंदनाले भाऊ येऊन राहिला का?" पंधरा-वीस दिवस उर्मिला नुसती हसली. घरी येऊन मग चिडे, पण कोणावर ते कळत नसे. एका सकाळी तिनं घागर खाली ठेवली.

"नाही कलाबाई. पोटात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिली. पाण्याची असेल म्हणतात, नक्की माहीत नाही. दिवाळीनंतर पुन्हा बघणार आहेत."

कलाबाईंच्या हातातला दोर तसाच राहिला. "मले काय मालूम बाई," त्या हळूच म्हणाल्या. "लोक म्हणून राहिले म्हणून मी विचारलं."

"आता लोकांना हेच सांगा."

उर्मिलानं घागर भरली आणि घरी आली. त्या दिवशी तिनं नाडी बघितली नाही. आठवणच झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुधाताई आल्या. बाजारातल्या कापडवाल्यांच्या मोठ्या सूनबाई, कोणाच्या घरी फारशा न जाणाऱ्या. दार लावून घेतलं, पाणीही घेतलं नाही.

"माझीही गाठ काढली," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली. बाजारात सांगितलं की माहेरी गेले." त्यांनी पदर सरकवून बेंबीखालची पांढरी रेघ दाखवली. उर्मिला बघतच राहिली. या बाईला ती दर संक्रांतीला वाण देत आली होती.

"दुखतं का हो?"

"भूल देताना दुखत नाही, वास मात्र फार घाण. शुद्धीवर आल्यावर तहान लागते आणि पाणी देत नाहीत. सगळ्यात वाईट खोकला. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने भरली घागर उचलायची नाही."

"आणि पुढं लेकरू?"

"माझा श्रीधर त्यानंतरचा. एक बाजू गेली तरी दुसरी असतेच."

दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. उर्मिलानं बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. टाके कधी काढतात, सोबत कोणाला ठेवतात, अंगावर काय घालायचं. यातल्या एकाही उत्तरानं गाठ कमी होणार नव्हती, हे तिला कळत होतं. पण पुढं जे होईल त्यातलं पुष्कळ आता ओळखीचं झालं होतं. जाताना सुधाताई म्हणाल्या, "माझं नाव नका घेऊ."

"नाही घेणार."

त्या संध्याकाळी तिनं मोरेश्वरला सगळं सांगितलं, फक्त नाव सोडून. मग म्हणाली, "साहेबांना सांगा, आपण इथंच राहतो."

"आणि दवाखाना?"

"नागपूरचं राज्य बदलून राहिलं, जागा बदलत नाही. गाडी जाते ना तिथं? माझी शाळा इथं, वंदनाची शाळा इथं, रामाकोन्याला तुमच्या आई एकट्या. भीती वाटली म्हणून घर हलवायचं नाही."

"मले काहीतरी करायचं होतं," मोरेश्वर म्हणाला. "तू पोटावर हात ठेवून बसते अन् मी नुसता बघून राहिलो."

"मग ऐका. मला कळ आली की मी सांगत जाईन, लपवणार नाही. तुम्ही रोज उठून 'कसं वाटते' विचारायचं नाही. आणि विहिरीचं पाणी आजपासून तुमच्याकडे."

तिला वाटलं तो हसेल. तो उठला आणि कोपऱ्यातली घागर उचलून बघू लागला.

दिवाळीत रामाकोन्याहून शकुबाई आल्या, मोरेश्वरची आई. उर्मिला त्यांना आत्याबाई म्हणे. फराळाच्या डब्याबरोबर त्यांनी एक मुळीही आणली होती.

"हे उगाळून घे. कापाकापी नाही करायची. माही बहीण पोट फुगून गेली. पाहिलं मी."

"तिला डॉक्टरनं पाहिलं होतं का, आत्याबाई?"

"डॉक्टर कुठून आणता तवा?"

"मला पाहिलं आहे. मुळी ठेवा देवाजवळ. डॉक्टरीणबाई गाठ काढायची म्हणाल्या तर मी काढणार. तुम्ही माझ्याजवळ दवाखान्यात राहाल का?"

शकुबाई चुलीपुढं बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी शेतावर परत गेल्या.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात उर्मिला पुन्हा नागपूरला गेली. प्रतिभाबाईंनी तपासून सांगितलं, "थोडी वाढली आहे. काढलेली बरी."

"काढा," उर्मिला म्हणाली. "सहामाही परीक्षा झाली की येते. तोवर थांबलं तर चालेल?"

"चालेल. घाबरला नाहीत?"

"घाबरले होते. आता सवड काढून घाबरते."

डिसेंबरात ती भरती झाली, तेव्हा वॉर्डाच्या दाराशी शकुबाई वळकटी घेऊन बसलेल्या होत्या. रामाकोन्याहून एकट्याच आल्या होत्या. मोरेश्वरला पाहून एवढंच म्हणाल्या, "बायांच्या वॉर्डात तू काय कामाचा."

गाठ नीट निघाली. पातळ सालीची होती, आत स्वच्छ पाणी, दुसरी बाजू चांगली. "दिसायला साधी आहे," प्रतिभाबाई म्हणाल्या, "तरी तुकडा तपासायला पाठवते. आठ-दहा दिवस लागतील." म्हणजे पुन्हा थांबणं आलं. या वेळी उर्मिलानं शेजारच्या खाटेवरच्या मुलीला अक्षरं शिकवायला घेतली. खोकला आला की उशी दाबून धरी. शकुबाईंना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी अख्ख्या वॉर्डाला उशा धरायला लावल्या.

टाके निघाले त्या दिवशी तपासणीचा निकाल आला. गाठ साधीच होती. उर्मिला ऐकून उशीत तोंड घालून रडली. इतके दिवस ती कोणासमोर रडली नव्हती. शकुबाईंनी तिला रडू दिलं आणि मग सांगितलं, "झालं ना? आता मोसंबी खा."

जानेवारीत ती शाळेत परत गेली. मोरेश्वर अजूनही रोज सकाळी कचेरीच्या आधी विहिरीवर उभा राही. सुरुवातीचे काही दिवस बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मग कलाबाईंनी त्याला घागर तिरपी करून कशी बुडवायची ते दाखवलं होतं, कारण तो दर वेळी अर्धीच भरून आणत होता. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी ऑपरेशनचा विषय काढला, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सुधाताईंनी आपणहून सांगायला सुरुवात केली.