गर्जना संघटनेच्या भोंग्याची कैफियत

मित्रांनो, कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यालगत एक गाव लागतं. तिथे सहदेव आणि आनंदीबाई या म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या पडवीत छत्र्यांच्या शेजारी खुंटीला एक हातभोंगा लटकलेला दिसेल. तोंडाचा लाल रंग उडालेला, पट्ट्याला गाठ मारलेली. तो मी.

मी कारखान्यात जन्मलो. मला जोडणाऱ्या बाईने ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पाहिलं, माझा आवाज घणघणला, तशी ती हसली आणि तिने मला खोक्यात घातलं. माझ्याकडे स्वतःचे शब्द नाहीत. जो तोंड लावेल त्याचे शब्द मी मोठे करतो. त्यातले चांगले कोणते आणि वाईट कोणते हे निवडायची सोय माझ्यात कुणी बसवलेली नाही. कर्जतच्या बाजारात दुकानाच्या काचेमागे बसलो होतो तेव्हा मला याचं काहीच वाटत नव्हतं. शाळेच्या मैदानावर मुलांना कवायतीला उभं करीन, जत्रेत चुकलेल्या पोरांची नावं पुकारीन, असे माझे बेत होते.

मला विकत घेतलं ‘गर्जना तरुण संघटने’ने. ही संघटना तेव्हा नवीनच निघाली होती. तिचे पुढारी तालुक्याच्या गावी राहत. सगळे त्यांना नुसतं दादा म्हणत. दादांनी गावोगावची कॉलेजात जाणारी पोरं गोळा केली, त्यांना काळे टी-शर्ट दिले, मोटरसायकलींवर बसवलं. “आपल्या जमिनीवर कंपन्या उभ्या राहतात आणि कामाला माणसं बाहेरची येतात,” असं दादा सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. काम मागायला गेलेले पोरांचे बाप आणि भाऊ कंपनीच्या गेटवरून परत आले होते. पण दादांचं बोट कंपनीकडे कधी वळलं नाही. ते नेहमी रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे, न्हाव्याकडे, गवंड्याकडे वळायचं.

सहदेवचा मुलगा राजेश तेव्हा सतरा वर्षांचा होता. घरात बाप कमी बोलणारा, वर्गात मास्तर याला बोलू न देणारे. पण आवाज असा, की माझी खरी गरजच नव्हती. पहिल्याच सभेत दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वाघ हाय हा!” त्या दिवसापासून राजेश मला कुणाच्या हाती देईना. झोपतानासुद्धा मी त्याच्या उशाशी असे. इतकं प्रेम मला नंतर कुणीच दिलं नाही.

सहदेवच्या घराच्या मागच्या खोलीत रामबरन नावाचा बिहारचा माणूस बायकोसह भाड्याने राहत होता. तो रस्त्याकडेला पंक्चर काढायचा. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या दिवसांत सहदेवच्या शेतात चिखलात उतरायचा आणि संध्याकाळी दोघे ओट्यावर बसून तंबाखू मळायचे. सहदेवला हिंदी धड येत नव्हती आणि रामबरनला मराठी, तरी त्यांचं बोलणं संपत नसे.

दादांना हे कुणीतरी सांगितलं. “वाघ म्हणवतोस, आन् तुज्याच घरात बाहेरचा?” ते सगळ्यांदेखत म्हणाले. पोरं हसली. राजेशची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकली सहदेवच्या अंगणात शिरल्या. राजेश पुढे होता. त्याने मला तोंडाला लावलं.

“बाहेरच्याला थारा देणारा, गावाचा वैरी हाय!”

ते वाक्य मी गावभर नेलं. मी काय करणार होतो? सेल भरलेले होते, बटण दाबलेलं होतं. कुत्री भुंकायला लागली, शेजारच्या बाया दारात आल्या. सहदेव बाहेर येऊन मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

“राजेश, खाली ठेव रं ते. आत बाई हाय. पोटुशी हाय ती.”

राजेशने ते ऐकलं. त्याचा श्वास अडकलेला मला समजला, कारण तो माझ्यातच अडकला होता. पण मागे सगळी पोरं बघत होती. त्याने आधीपेक्षा मोठ्याने तीच घोषणा दिली. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सहदेव दारातून हलला नाही. तो नुसता मुलाकडे बघत राहिला.

सकाळी रामबरनने टेंपो आणला. हवा भरायचा पंप, टायर, भांडी आणि बायको, सगळं त्यात बसलं. सहदेव त्याला थांबवत होता. “चाचा, हमारे कारण बाप-बेटे में झगड़ा नहीं चाहिए,” असं म्हणून तो सहदेवच्या पाया पडला आणि गेला. कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

सहदेवने या गोष्टीवरून राजेशला एक शब्दही विचारला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मला तर वाटतं, राजेश त्या रागाचीच वाट बघत होता.

पुढे निवडणूक झाली आणि दादा ज्या पुढाऱ्यांना शिव्या घालत होते त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. संघटना कधी बंद पडली हे कुणी जाहीरही केलं नाही. दादांनी नेरळजवळ इमारती बांधायला घेतल्या. त्या बांधायला माणसं बाहेरूनच आली. राजेशने मला टी-शर्टात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. तिथे बरीच वर्षं मी धूळ खाल्ली.

राजेशला खोपोलीकडे नोकरी लागली, लग्न झालं. एकदा कुणीतरी गावच्या ग्रुपवर आमच्या अंगणातल्या त्या दुपारचा जुना व्हिडिओ टाकला. माळ्याच्या फळ्यांतून मला माझाच आवाज ऐकू आला. राजेशची बायको नम्रता म्हणाली, “अगंबाई, हे तुम्ही? केवढे ओरडताय! आणि कुणावर?”

“बंद कर ते,” राजेश म्हणाला.

“समोर मामंजी उभे आहेत का हो?”

राजेश उठून बाहेर गेला. त्या दिवशी तो घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. बापाशी बोलायचं असं त्याने कितीदा तरी ठरवलं असेल. तो ओट्यावर जाऊन बसायचा, पावसाचं बोलायचा, बैलाचं बोलायचा आणि उठायचा. आज नको, उद्या सांगू. असं करता करता सहदेवचे कान गेले. कानातलं यंत्र आणून दिलं तर “मुंग्या चालल्यागत व्हतं” म्हणून त्याने ते काढून टाकलं. हळूहळू आठवणींचाही गुंता व्हायला लागला.

नवऱ्याला हाका मारून आनंदीबाईंचा घसा बसला, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला खाली काढलं, पुसलं, नवे सेल घातले. “अवो, जेवाया चला!” मी ओरडलो आणि सहदेव चक्क वळला. मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, माझं आयुष्य सुधारलं.

राजेशने मला आईच्या हातात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पण मग त्याच्या मनात काय आलं ते मी ओळखलं. रविवारी दुपारी सहदेव अंगणात खाटेवर बसला होता. राजेशने मला उचललं, तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. सगळा गाव ऐकणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बटण दाबलं.

“बाबा, माझं चुकलं. त्या वेळी मी...”

सहदेव दचकून उभा राहिला. त्याने राजेशकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. तो लटपटत मागच्या खोलीकडे निघाला.

“आनंदे! ती पोरं आली बघ परत. रामबरनला सांग, मागल्या दारानं जा म्हणावं. बाईला संभाळून ने म्हणावं.”

खोलीत आता पेंढा भरलेला आहे. सहदेव त्या दाराला पाठ लावून उभा राहिला.  राजेशने मला तिथेच मातीत टाकलं आणि धावत जाऊन बापाला धरलं.

“बाबा, मीच हाय. कोन नाय आलं.”

सहदेवने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग कुणीतरी ओळखीचा समजून, हायसं वाटून त्याचा हात पकडला. “तू आलास व्हय? बरं झालं. गेली का रं ती पोरं?”

राजेशने होकाराची मान डोलावली.

“आपला राजेश नव्हता ना त्यांच्यात?”

 राजेशने आईकडे पाहिलं. आनंदीबाई पुढे आल्या, नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठामपणे मान हलवली. नव्हता.

“मला ठाऊकच व्हतं,” सहदेव म्हणाला आणि खाटेकडे चालू लागला.

त्यानंतर मला कुणी वाजवलेलं नाही. आनंदीबाई आता नवऱ्याला बोलवायला स्वतः उठून जातात. मित्रांनो, माझं बटण नीट आहे, आवाजही शाबूत आहे. तुमच्यापैकी कुणी मला न्यायला आलं तर मी नाही म्हणू शकणार नाही, ते माझ्या हातात नाही. एवढीच विनंती आहे, की मला तोंडाला लावायच्या आधी समोर कोण उभं आहे ते एकदा बघा, आणि ते काही सांगत असेल तर बटण सोडून ऐका. माझा आवाज चालू असला की मला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. तुम्हालाही येणार नाही.