सहा जणांनी जिंकलेली ढाल

"पुंजाजीची पत्रावळ कुठाय?" मी विचारलं.

वाढणाऱ्यानं वरणाची पळी गोठ्याकडे केली. तिथं बैलांच्या दावणीशेजारी एकच पत्रावळ मांडली होती. ओंजळीत वरून पाणी ओतायला एक घरगडी तांब्या घेऊन उभा होता. फायनलच्या आधी दोन्ही संघांना जेवू घालायची, ही सामने भरवणाऱ्या त्या गावची रीत. यजमान भगवंतरावांनी पायरीवरच एकेकाला जात विचारली होती आणि पुंजाजीनं मान वर करून सांगितलं होतं, "बौद्ध."

मी मोतीराम, डोणगावच्या कबड्डी संघाचा कप्तान. एरवी मळ्यात वांगी-मेथी लावणारा आणि बाजारात विकणारा माणूस. तिथल्या सामन्यांच्या ढालीसाठी आठ वर्षं गुडघे फोडून घेतले होते. फायनल यंदा पहिल्यांदाच, आणि तीही पुंजाजीच्या चढायांच्या जिवावर. खोटं कशाला बोलू!

चारच दिवसांपूर्वी आम्ही सगळे नारायणरावांच्या हॉटेलात रेडिओ ऐकत बसलो होतो. चौऱ्याहत्तर साल. आपला देश टेनिसचा फायनल सामना खेळणार नाही, अशी बातमी लागली. समोर दक्षिण आफ्रिकेचा संघ होता आणि तिथलं सरकार काळ्या माणसांना वेगळं ठेवतं, म्हणून. टेनिस आमच्यात कुणी बापजन्मी पाहिलं नव्हतं. पण सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो मीच, "शाब्बास! चुलीत घाला म्हना तो कप!"

पुंजाजी बाहेरच्या बाकड्यावर होता. आपला चहाचा कप स्वतः धुऊन वेगळ्या फळीवर ठेवत त्यानं विचारलं, "खरंच नाई खेयनार?"

"हाव, नाईच!"

आता तो गोठ्याकडे न जाता सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"कप्तान, आता?"

"आता काय?"

"रेडिओत सांगतलं तसं. आपन बी नाई खेयू."

पाचही गडी माझ्या तोंडाकडे बघत होते. एकाचा घास हातातच राहिला.

"काऊन असं करतं बे? आधी खेयून घेऊ. मंग मी सोता बोलतो भगवंतरावाले."

"त्या दिशी तं लय ओरडला तू."

"अरे, तो देशाचा मामला होता!"

हे मी बोललो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यानं अंगातला सात नंबरचा बनियन काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. उघड्या अंगानं तो डोणगावच्या तीन कोसांच्या वाटेला लागला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही. आम्ही जेवलो. मी तर वरण दोनदा मागून घेतलं.

राखीव गडी नव्हता. सहाच जण उतरलो आणि दोन गुणांनी जिंकलो. हरलो असतो तर किती बरं झालं असतं! गुलालात माखून आम्ही ढाल गावभर मिरवली.

दुसऱ्या दिवशी मी बनियन धुतला, वाळवला आणि सायकल काढून नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलो. दसरा होऊन गेला तरी ऊन मरणाचं होतं. पुंजाजीची माय तानुबाई लिंबाखाली कापूस निवडत बसली होती.

"पुंजाजी हाये का?"

"शेगावले गेला. टेसनावर हमाली भेटते म्हने. खेय सोडला त्यानं."

मी बनियन तिच्यापुढं ठेवला. वाटभर घोकलेलं सगळं विसरलो. कसाबसा म्हणालो, "माय, चुकलो मी. लय चुकलो."

ती उठली. आत गेली आणि तांब्या घेऊन आली. राखेनं लख्ख घासलेला, काठोकाठ भरलेला.

"उनातून आला बापा. पानी पे."

घशाला कोरड पडली होती. वस्तीत दुपारचं चिटपाखरू नव्हतं, बघणारं कुणी नव्हतं. आणि तरी माझा हात पुढं झाला नाही.

"नको माय," मी म्हणालो. "आताच पिऊन आलो."

"हाव," ती म्हणाली.

तिनं सगळं पाणी सावकाश लिंबाच्या मुळाशी ओतलं. मग घडी केलेला बनियन उचलून माझ्या सायकलच्या हँडलवर ठेवला आणि पुन्हा कापूस निवडायला बसली.