करवंटीचा मथळा

आधी टोपण काढा, म्हणजे आवाज नीट येईल. मी फुदेपेन बोलतोय. टोकाला ब्रशासारखा मऊ, पोटात काळीभोर शाई. तोक्योजवळच्या उरायासू स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, माझे सगळे भाऊबंद नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं लिहायला विकले गेले. मला मात्र वृंदाताईंनी उचललं आणि माझ्या नशिबी देवनागरी आली.

१९९६ साल होतं ते. ताईंचे यजमान संजीवराव मुंबईच्या बँकेतर्फे तोक्योला बदलून आलेले. तेव्हा तिथे मराठी टाइप करायची सोय कुठली? ताई तिथल्या मराठी मंडळाचं वार्तापत्र हातानं लिहीत, कोंबिनीतल्या मशीनवर प्रती काढत आणि मथळा बाहेर दिसेल अशी घडी घालून पोस्टानं पाठवत. मजकूर साध्या पेनचा, मथळा माझा. त्यामुळे मी जरा तोऱ्यातच असे.

पण मथळे तरी कसले? ‘सभासदांस नम्र निवेदन’. पुढच्या महिन्यात ‘सभासदांस पुन्हा नम्र निवेदन’. लिहितालिहिता मलाच जांभई यायची. एकदा रद्दीच्या दिवशी ताई खाली गेल्या, तर शेजारच्या स्वरूपाताईंनी सुतळीनं बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात आमचा अंक. घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. ताई तशाच माघारी फिरल्या. वर येऊन त्यांनी माझं टोपण काढलं आणि म्हणाल्या, “आता बघतेच, कसं वाचत नाहीत ते.”

पुढच्या अंकावर मी ठसठशीत लिहिलं, ‘मराठी कुटुंबांना घरं सोडावी लागणार?’ आत बातमी एवढीच, की जिन्यात सायकली ठेवू नका, असं एका इमारतीच्या व्यवस्थापकांनी बजावलं होतं. अंक मात्र घरोघर वाचला गेला. ताई खूश, मी त्याहून खूश.

तेवढ्यात स्वरूपाताई दारात. “वृंदा, मी भांडी खोक्यात भरायला घेतली होती गं,” त्या म्हणाल्या. “आणि आत काय, तर सायकली. उद्या तू खरं लिहिलंस तर मी ते कसं ओळखायचं?”

मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव मोठे शांत गृहस्थ. तक्रारी कानावर आल्यावर त्यांनी फोनवर सांगितलं, की आणखी एक अंक काढून बघा, तो रद्दीत गेला तर वार्तापत्र बंद करू. ताई रडल्या. परक्या मुलुखात स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच काम त्यांच्या हाती होतं. मग डोळे पुसले, मथळा सुचायची वाट बघणं सोडलं आणि एकेकीला फोन लावायला बसल्या. विचारायच्या एकच, सध्या अडतंय कुठे?

गणपती नुकतेच झालेले. सगळ्यांकडे नारळ फुटलेले आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडलेलं. तिथे जळणारा, न जळणारा अशा प्रत्येक कचऱ्याचा दिवस वेगळा, मग करवंटी कशात धरायची? कुणाची करवंट्यांची पिशवी कचरेवाल्यांची ‘चुकीचा दिवस’ अशी लाल चिठ्ठी लागून सगळ्या इमारतीसमोर तशीच राहिली होती. कुणी भीतीनं बाल्कनीत ढीग साठवला होता. प्रभावतीकाकू तर म्हणाल्या, “मी त्या बॅगेत घालून मुंबईला परत न्यायच्या बेतात आहे.”

ताई करवंटी घेऊन थेट नगरपालिकेत गेल्या. मोडक्या जपानीत विचारलं. खिडकीवरच्या बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली, आत जाऊन साहेबांना विचारलं आणि नीट समजावून सांगितलं.

मी मथळा लिहिला, ‘करवंटी कुठल्या दिवशी टाकायची?’ आत उत्तर, चित्रासकट: जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला कोण विचारणार?

पुढच्या रद्दीच्या दिवशी ताईंनी खालचे सगळे गठ्ठे पाहिले. आमचा अंक कुठेच नव्हता. तो स्वरूपाताईंच्या फ्रिजवर होता, चुंबकाखाली. विश्वनाथरावांनी बंदचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर मी पुष्कळ मथळे लिहिले. आत नसलेलं एकानंही बाहेर सांगितलं नाही. आता माझी शाई संपत आलीय, शिरोरेघ अर्ध्यातच तुटते. ताईंनी नवा पेन आणलाय आणि मघापासून मला हातात धरून त्या दोन डब्यांपुढे उभ्या आहेत. हा जळणाऱ्यात की न जळणाऱ्यात?

ताई, कुठल्याही डब्यात टाका, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी उरलेल्या शाईत एक मथळा लिहू द्या, ‘संपलेला पेन कुठल्या दिवशी टाकायचा?’ बघा, हाही फ्रिजवर लागेल.