पिकणारा रंग

सलाउद्दीनचाचांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की वकिलाचं काम उरतं सह्या घेण्यापुरतं. आमचं कापडाचं दुकान आणि त्यांचं घर शहाद्यात एकाच गल्लीत, त्यामुळे मी वकील झाले तेव्हा माझा पहिला अशील तेच. घोड्याच्या तोंडावर बांधायच्या सुती म्होरक्या ते विणतात. सूत रंगवतात त्यांच्या बायको, मेहरुन्निसाखाला. लालभडक. सारंगखेड्याच्या यात्रेत कुणीतरी तसल्याच लाल म्होरक्या "सलाउद्दीनच्या" म्हणून विकल्या आणि चाचा तडक माझ्या टेबलासमोर.

"आयुषी, हाऊ रंग मन्हा नावे करी दे."

शेत नावावर होतं तसा रंग होत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. नाव न वाचता, नुसता रंग पाहून लोक "ही अमक्याची" म्हणतात, हे सिद्ध करावं लागतं. चाचा म्हणाले, "मंग कर ना सिद्ध." अर्ज केला. ट्रेडमार्क कार्यालयाचा आक्षेप यायचा तो आलाच: एकच रंग, त्यात तुमचं वेगळेपण काय? पुरावा द्या.

पुरावा म्हणजे गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं, आणि गिऱ्हाइकं भेटणार यात्रेत. रंग करणारीही सोबत हवी, असं मी म्हटलं तर खालांनी मानच हलवली. त्या कधीच यात्रेला जात नाहीत.

"एक साल ऊन लागनं का मन्हा रंग उडी जास," त्या हळूच म्हणाल्या. "लोकेसले तोंड कसं दखाडू?"

रंग टिकावा म्हणून तुरटी, मीठ, दोनदा उकळणं, सगळं करून झालं होतं. चाचांना मात्र बायकोच्या रंगापुढे जगातले सगळे रंग फिके वाटतात. यात्रेतल्या आपल्या दुकानावर ती एकदा तरी यावी, एवढीच त्यांची इच्छा. मला दोघांचीही माया आली आणि थोडा रागही. शेवटी मी कायद्याचा धाक घातला, तेव्हा खाला गाडीत बसल्या.

यात्रेत मी नव्या म्होरकीचा एक लाल तुकडा घेऊन घोडेवाल्यांमध्ये फिरले. "सांगा, कोणाची?" एकाने खांदे उडवले. दुसरा म्हणाला, लाल शे, आखो काय? तिसऱ्याने तर नक्कल करणाऱ्याचंच नाव घेतलं. चाचांचा चेहरा पडला. खालांना हे अपेक्षितच होतं.

तेवढ्यात कळसाडी गावच्या भिला नावाच्या घोडेवाल्याचा सौदा पटला. घोडी विकली गेली. आमच्याकडे जनावर विकतात, त्याचं दावं किंवा म्होरकी विकत नाहीत. ती जुन्या धन्याबरोबर घरी परतते. भिलाने घोडीच्या गालावरून हात फिरवला, म्होरकी सोडली आणि खांद्यावर टाकली. जुनी, उन्हात तापलेली, मसुरीच्या डाळीच्या रंगाची. ती बघताच खालांनी ओढणी तोंडावर ओढली आणि पाठ फिरवली.

मी काही आशा न धरता विचारलं, "ही कोणाची?"

"कोनी म्हंजे? सलाउद्दीनभाईनी."

"आणि ही?" मी लाल तुकडा पुढे केला.

"हाई नवी शे. नवी कोनी बी ऱ्हाई."

मी ती जुनी म्होरकी त्याच्याकडून मागून घेतली आणि पुन्हा त्याच माणसांकडे धावले. जो तो बघताक्षणी चाचांचं नाव घेत होता. इतरांचा लाल रंग दोन उन्हाळ्यांत मळकट पांढरा होतो, हा मसुरीवर येऊन थांबतो. भिलाने थोडक्यात सांगितलं, "बाकीनास्ना रंग उडी जास. हाऊ पिकस."

खालांनी ओढणी बाजूला केली. म्होरकी हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि मग घळाघळा रडल्या. "मी ह्या रंगले इतला साल शिव्या दिन्यात वं आयुषी!" चाचा त्यांच्या शेजारी उभे राहून बावळटासारखे हसत होते.

आता मध्ये बोलणं जिवावर आलं होतं, पण अशिलाला खोटं सांगता येत नाही. मी म्हटलं, "चाचा, नोंदणी होते विकताना जो रंग असतो त्याची. तुम्ही विकता लाल, लोक ओळखतात मसुरी. हा अर्ज पडणार. मसुरी रंगातच विकायला लागा, काही वर्षं जाऊ द्या, मग नवा अर्ज करू."

चाचा म्होरक्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. इतका माल गच्चीवर टाकून उन्हात पिकवायचा, आणि तोवर विकायचं काय?

एवढ्यात भिलाची घोडी घेणारा माणूस तिची आयाळ धरून दुकानापुढे आला. त्याला म्होरकी हवी होती. चाचांनी सवयीने एक लाल उचलली. खालांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"हाई कच्ची शे, भाऊ. उन्हाया निंघी जाऊ दे."

"मंग आते घोडीले काय बांधू?"

खालांनी समोर बोट केलं, जिथे नक्कल करणाऱ्याच्या लाल म्होरक्या टांगल्या होत्या.

"आज तठून ले. ती उडी जाई, तवय मन्हाकडे ये."