सहा काळी, एक पांढरं

नाणं पहिलं.

हे पांढरं. आज सकाळी माझ्या सासूने, झुराकान अपांनी, ते राखेने आणि आंबट ताकाने घासलं. खिडकीतल्या उन्हात ते इतकं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत होते.

तुर्दाकुनने ते उचललंसुद्धा नाही. एका बोटाने ढकलत खाली अंथरलेल्या लोकरी नमद्याच्या कडेला सारलं आणि म्हणाला, हे आता फक्त वजनावर जाईल.

तुर्दाकुन नारिन शहराहून गाडी घेऊन आला होता. जुनी नाणी विकत घेतो तो. नाणी माझी. माझ्या वेणीच्या टोकाला सात लटकायची. लग्नात आईने दिली, आईला तिच्या आईने.

दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं.

यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कोकंदच्या खानांची, भोक पाडलेली, काळी. तुर्दाकुनला काळीच हवी होती; घासलेल्या जुन्या नाण्याला गिऱ्हाईक मिळत नाही. फोनवर त्याने तीनदा बजावलं होतं: घासू नका, पुसू नका, पाणीही लावू नका.

मी ते अपांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण आमच्याकडे चांदी उगाच काळी पडत नाही. अंगावर घालणाऱ्याचं दुखणं ती ओढून घेते, म्हणून काळी होते. अशी चांदी परक्याच्या हातात द्यायची म्हणजे घरातलं दुखणं त्याच्या गळ्यात मारायचं. अपांनी घासलं ते चांगुलपणाने. ताकाच्या वासाने मला जाग आली, तेव्हा पहिलं होऊन गेलं होतं आणि दुसरं त्यांच्या चिमटीत होतं. मी ते हिसकावून घेतलं.

सासूच्या हातून काही हिसकावणं. आमच्या गावात हे कोणी केलेलं मला माहीत नाही.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गाईशी बोलल्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “ऐकलंस का गं, आमची सून आता आजार विकायला बसलीय. तुझं काही दुखत असेल तर सांगून ठेव, चांगला भाव येईल.”

(मध्येच. नाणं नाही.)

सेझिम. माझी मुलगी, पन्नास दिवसांची. वरचा ओठ सशासारखा, नाकापर्यंत दुभंगलेला. शेजारणी विचारतात, पोटुशी असताना ससा खाल्लास का? नाही खाल्ला. तिला ओढून पिता येत नाही. मी चमच्याने पाजते. निम्मं दूध नाकातून बाहेर येतं. ओठ शिवून मिळेल असं बिश्केकच्या डॉक्टरांनी सांगितलंय, तेही फुकट. पण तिथे महिनाभर राहायचं, खायचं, जायचं-यायचं. म्हणून नाणी.

सहावं.

तुर्दाकुन ते उलटंपालटं करत असताना अपांना राहवलं नाही. त्यांनी त्याला सरळ विचारलं, काळी चांदी म्हणजे काय ते तुझ्या आईने तुला शिकवलं नाही का?

शिकवलंय, तो म्हणाला. दर खरेदीनंतर मिठाने हात धुतो. मग पोटावर हात फिरवला. “बत्तीस वर्षं लोकांचे आजार विकत घेतोय अपा. आत्तापर्यंत फक्त ही ढेरी सुटलीय.”

अपा हसल्या नाहीत. पण त्याच्या पेल्यात चहा ओतला, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे थोडाच ओतला: पेला भरून दिला तर ऊठ, थोडा दिला तर अजून बस, तू पाहुणाच आहेस.

सातवं.

तुर्दाकुनने खिशातून भिंग काढलं. खिडकीपाशी गेला. चहा गार झाला. हा खान काही महिनेच गादीवर होता, एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता. म्हणजे अशी नाणी थोडीच उरली असणार. बिश्केक याच नाण्यात होतं.

मग त्याने नाणं उलटलं आणि चुकचुकला.

“अंगठा उमटलाय.”

मला कळलं नाही. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. आधी नुसता काळोख दिसला. मग काळ्यावर त्याहून काळ्या रेघा. एकीच्या कुशीत दुसरी, तिच्या कुशीत तिसरी, वळणं घेत जाणाऱ्या. मधून एक तिरपा व्रण, कधीतरी कापल्याचा. माणसाचा अंगठा. तुर्दाकुन सांगत होता की घामातलं मीठ चांदीला खातं. कोणी खूप वेळ, खूप जोरात दाबून धरलं असणार. गिऱ्हाइकाला हा डाग वाटतो, थोडे कमी मिळतील.

मला मात्र आईचा आवाज ऐकू येत होता. एकोणीसशे सोळा सालच्या पळापळीत तिची आजी बुरुल बर्फाच्या खिंडीतून चीनकडे गेली. मागे झारचे शिपाई. वेणीतली नाणी पावलागणिक वाजायची. म्हणून तिने ती मुठीत दाबून धरली आणि खिंड संपेपर्यंत सोडली नाहीत. वाजली असती तर मी नाही, आई नाही, सेझिम नाही.

मी हे सांगितलं. तुर्दाकुन म्हणाला, शंभर वर्षांत कोणाचाही लागला असेल. बरोबरच होतं त्याचं.

अपांनी हात पुढे केला. भिंग डोळ्याला लावलं. त्या इतका वेळ पाहत राहिल्या की माझ्या पायाला मुंग्या आल्या.

“घासलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“गेलं असतं.”

अपांनी नमद्याच्या कडेच्या पांढऱ्या नाण्याकडे पाहिलं. ते उचलून भिंगाखाली धरलं. या बाजूने, त्या बाजूने. चकचकीत. त्यावर आधी काय होतं, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

विकायचं नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सेझिमला ठसका लागला, मी तिला उभं धरलं, पाठ चोळली. ठसका थांबला तेव्हा अपा उठून आतून भाकरी घेऊन आल्या होत्या. तुर्दाकुनसमोर ठेवली. भाकरीवर हात ठेवून आमच्यात कोणी खोटं बोलत नाही.

“घासणार नाही म्हण. आणि ज्याला विकशील त्यालाही घासू देणार नाहीस, असं म्हण.”

त्याने टोपी सारखी केली, हात ठेवला, म्हटलं.

मग अपा नाण्यावर वाकल्या आणि हळू आवाजात, थोरल्या बाईशी बोलावं तशा बोलल्या. “या आता, बुरुल आजी. पोरीच्या ओठासाठी जाताय.”

त्याने सांगितलेल्या भावावर अपांनी घासाघीस केली नाही. बिश्केकमधला महिना निघेल एवढे पैसे होते. सहा काळी त्याने कापसात गुंडाळली, पांढरं आमच्याकडेच ठेवलं, आणि उठून भिंग मागितलं.

“थांब रे जरा,” अपा म्हणाल्या.

त्यांनी सेझिमची मूठ उलगडली होती. मुगाएवढा अंगठा, त्यावर भिंग. त्यांनी मला जवळ ओढलं, सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंग माझ्या डोळ्यापाशी आणलं.

रेघा होत्या. एकीच्या कुशीत दुसरी. अजून कशालाही न लागलेल्या.