कप्पीवरचा झेंडूचा हार

मित्रांनो, कुईं-कुईं असा आवाज ऐकलात ना? घाबरू नका, दारात कुत्र्याचं पिल्लू अडकलेलं नाही. ती मीच. मी एक जुनी लोखंडी कप्पी आहे. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात, मधल्या खोलीच्या तुळईला मला टांगलेलं आहे. कप्पीनं आडावर असावं, घरात तिचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. कुरकुरणं हा माझा स्वभावच आहे, तेवढं पोटात घाला आणि ऐका.

माझा जन्म स्टेशनापलीकडच्या एका लहानशा ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओतलं, गार झाल्यावर कानशीनं घासलं, मधल्या भोकात दांडी बसवली आणि मी फिरू लागले. पाच घरांत मिळून एक आड होता, त्याच्यावर मला बसवलं. पहिल्या दिवशी ज्यानं माझ्यावरून दोर टाकला, तो शंकरप्पा. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आज तो साठीला टेकला आहे, तरी मी त्याचा उल्लेख एकेरीच करते. विशीच्या आतल्यापासून माझा आहे तो.

काय ओढायचा म्हणता! पहाटे उठून स्वतःच्या घराच्या घागरी भरायच्या, मग शेजारच्या काशम्माच्या. काशम्मा एकटी बाई, गुडघ्यानं अधू. तिनं कधी सांगितलं नव्हतं, यानं कधी विचारलं नव्हतं. थंडी असो, ताप असो, आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं असो, शंकरप्पा आडावर हजर. दंडावर बेटकुळ्या अशा उठायच्या की त्याच्याशी लग्न होऊन नवी सून म्हणून आलेली नीलम्मा पदराआडून बघायची आणि आपलं बघणं कुणी बघितलं का, तेही बघायची. त्याला व्यायाम हा शब्द कुणी लावला नाही. घरात पाणी लागतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आडाचा तळ दिसला. माझ्यावरून गेलेली बादली खडखडत रिकामी वर यायची. पुढं घराघरांत नळ आले. बायकांनी नळाला कुंकू लावलं आणि मला काढून जिन्याखाली टाकलं. मी रुसले, गंजले. पण माझ्यापेक्षा वाईट शंकरप्पाचं झालं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो आता सकाळी दुकानाच्या गादीवर बसायचा तो रात्रीच उठायचा. भांड्यांचं दुकान होतं त्याचं. गिऱ्हाइकाबरोबर चहा प्यायचा, पोट वाढवायचा. डॉक्टरांनी रक्तदाब बघून सांगितलं, रोज तळ्यापर्यंत चालत जा. हा म्हणाला, "जातो की उद्यापासनं." त्या उद्याला मी जिन्याखालून दोन वर्षं ऐकत होते.

पंच्याहत्तर सालच्या आषाढात शंकरप्पाला लकवा झाला. डावा हात खांद्यापासून लोंबायला लागला.

आता त्या हाताचं महत्त्व तुम्हाला सांगितलं पाहिजे. शंकरप्पा लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, तळहात छातीसमोर धरायचा, भस्म लावायचं, बेल वाहायचा, डोळे लावून बसायचं. त्याशिवाय त्यानं कधी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आणि नेमका तोच हात गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या सकाळी तो पाटावर बसला, आणि लहान पोरासारखा रडला. नीलम्मा त्याच्या शेजारी बसली. तिनं स्वतःचा हात त्याच्या तळहाताखाली घातला, त्याचा हात छातीपर्यंत उचलला आणि पूजा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. तिचा दंड भरून आला, पण तिनं हात खाली येऊ दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, "हा हात परत येऊ शकतो. पण पहिले सहा महिने महत्त्वाचे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत रोज हलवा. सकाळी उठल्यावर वीस वेळा. जास्त नको, पण एक दिवस चुकवू नका."

म्हणून शंकरप्पाचा मुलगा मल्लिकार्जुन यानं मला जिन्याखालून काढलं, रॉकेलनं पुसलं, तेल पाजलं आणि तुळईला टांगलं. दोराच्या दोन टोकांना लाकडाच्या मुठी. डावा पंजा एका मुठीला फडक्यानं बांधायचा, उजव्या हातानं दुसरी मूठ खाली ओढायची, की डावा हात वर. मी आनंदानं इतकी किंचाळले की काशम्मा काठी टेकत बघायला आली.

पहिल्या दिवशी शंकरप्पानं काय करावं? वीस सांगितले होते, गड्यानं शंभर ओढले! "आडाचं पाणी वडलेला माणूस हाय मी," म्हणाला. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. आठ दिवस अंथरुणावर. नवव्या दिवशी म्हणाला, "आज अमावास्या हाय, नको." मग पाऊस होता. मग सोमवारचा उपास होता, अंगात बळ नव्हतं. मग पाहुणे होते. मित्रांनो, कारणं एकेक बघितली तर सगळी खरी होती. तिथंच तर माणूस फसतो.

शेवटी नीलम्मानं नवऱ्यावर आवाज चढवला, तो मी पहिल्यांदाच ऐकला. "पूजा एक दिवस चुकत न्हाय तुमची. मग हे कसं चुकतं? उठा की. मी मोजते, तुमी निसतं वडा."

आणि ती मोजायला लागली. कन्नडात, तिच्या माहेरच्या बोलीत. वंदू, यरडू, मूरू, नाकू, ऐदू... हाताला पीठ लागलेलं असायचं, चुलीवर भाकरी असायची, आत-बाहेर करत मोजायची. तो थांबला की तीही आकड्यावर थांबायची, पुढचा आकडा काही केल्या सोडायची नाही. मग त्याला हसू यायचं आणि तो ओढायचा. इप्पत्तू, म्हणजे वीस, झाले की "झालं बघा," म्हणून पूजेचा पाट मांडायची. रोज. मी कुरकुरायचे, ती मोजायची, तो ओढायचा. माझ्या आयुष्यात आडावरच्या दिवसांनंतर एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

भाद्रपद संपता संपता एके सकाळी पूजेत नीलम्मानं आपला हात हळूच एक बोटभर खाली घेतला. शंकरप्पाचा तळहात तिथंच राहिला! वंदू, यरडू, मूरू. तीन आकडे. मग खाली आला, पण राहिला होता. नीलम्मानं तोंडात पदर घातला. काशम्मा म्हणाली, "आता काय, गड्ड्याला नंदीध्वजाची जड काठी धरतोय शंकरप्पा!" मल्लिकार्जुननं पेढे आणले. सगळे शंकरप्पाला म्हणाले, जिंकलास. मलाही म्हणाले, "काय कप्पी हाय, देवच म्हणायचा." मी फुगले. माझंही चुकलंच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे काम करणाऱ्या हत्याराची पूजा असते आणि त्याला विसावा देतात. मल्लिकार्जुननं झेंडूचा हा एवढा हार आणला, माझ्या चाकावरून दोन्ही बाजूंना सोडला, हळद-कुंकू वाहिलं. शंकरप्पानं उजव्या हातानं नमस्कार केला आणि म्हणाला, "आज तिला सुट्टी." ते बरोबरच होतं. दसऱ्याला तो म्हणाला, "सणाच्या दिवशी हार कसा काढायचा?" तेही चाललं.

एकादशीला नीलम्मा म्हणाली, "आता हार काढा आणि वडा."

"देवाचा हार हाय, सुकू दे की. मग काढतो."

"सुकल्यावर हात बी सुकंल."

"उगंच अभद्र बोलू नगंस. आलाय हात आता. उद्या काढतो."

झेंडू सुकला, तपकिरी झाला. नीलम्मा स्टुलावर चढून काढायला गेली तेव्हा त्यानं तिला थांबवलं. "राहू दे. माझ्या हातानं काढतो मी. दिवाळी पाडव्याला काढून नव्यानं सुरवात करतो, दिवस चांगला हाय." नीलम्मा स्टुलावरून खाली उतरली. त्याचा शब्द तिनं खरा मानला, बिचारीनं. पाडवा झाला. मार्गशीर्ष झाला. मी हार घालून लटकत होते आणि खाली पूजेत नीलम्मा दोन्ही हातांनी त्याचा हात धरून बसायची, कारण तो पुन्हा जड झाला होता. तीन आकडेही राहत नव्हता. एवढी चीड आली मला! पण मी ओढल्याशिवाय फिरू शकत नाही, मित्रांनो. माझं मेलीचं नशीबच तसलं.

संक्रांत आली, गड्डा भरला, नंदीध्वज दारावरून मिरवत गेले. शंकरप्पानं ओट्यावर बसून बघितले. डॉक्टरांनी हात उचलून सोडला, तो मांडीवर पडला. ते फक्त म्हणाले, "आता आहे ते सांभाळा." नीलम्मा उठली. आत जाऊन चूल फुंकत बसली, चूल पेटलेली असून.

माघातल्या एका सकाळी पूजा झाली, तिनं त्याचा हात मांडीवर अलगद ठेवला, उठली, आणि दारातच छातीत कळ येऊन खाली बसली. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

लिंगायतांच्या रीतीनं तिला माझ्यासमोरच्या भिंतीशी मांडी घालून बसवलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. तिचा हात कुणीतरी खालून धरायला हवा होता. शंकरप्पा म्हणाला, "मी धरतो." पुढं सरकून बसला. उजव्या हातात तिचं इष्टलिंग होतं. डावा हात तिच्या हाताखाली न्यायचा होता. त्यानं दात खाल्ले, मान ताठ केली. हात जागचा हलला नाही. सात महिने जिनं त्याचा हात धरला, तिचा हात त्याला एकदा धरता आला नाही. शेवटी मल्लिकार्जुननं धरला. शंकरप्पा मागं सरकून बसला. त्यानं वर माझ्याकडे बघितलं. तो हार तेव्हाही माझ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाट स्वतः मांडला. मल्लिकार्जुन हात धरायला पुढं आला. "सरक," शंकरप्पा म्हणाला. काठीनं त्यानं हार ओढला. पाकळ्यांचा भुगा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडला. उजव्या हातानं आणि दातांनी त्यानं डावा पंजा मुठीला बांधला. मी गंजले होते, फिरेना. त्यानं जोर लावला आणि मी हंबरडाच फोडला.

"वंदू," तो म्हणाला. पुढचा आकडा येईना. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "यरडू."

त्या दिवसापासून आज अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत त्यानं एकही सकाळ चुकवलेली नाही. आधी वीस, मग पूजा, मग पाणी. कंटाळा येत नाही असं नाही. येतो, मी त्याचं तोंड बघते ना! पण ओढणं ही पूजेच्या आधीची पायरी करून ठेवल्यामुळं त्याला आज करू की नको, हे ठरवावंच लागत नाही. आडावर तरी कुठं ठरवायचा तो? खंडेनवमीला मला हार घालतात, पण वीस झाल्यावर, आणि संध्याकाळी तो स्वतः उतरवतो.

हात पूर्ण आला नाही. उशीर झाला तो झालाच. पण या श्रावणात एका सकाळी पूजेत त्याचा तळहात छातीसमोर राहिला. मी मनात मोजले. पाच, सहा, सात. सात आकडे! तो हसला आणि डावीकडे वळून म्हणाला, "बघितलंस का?"

डावीकडं रिकामी जमीन होती. तळहात हळूहळू खाली आला.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला हारानं काही होत नाही, नुसतं लटकून तर माझं काहीच होत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं काही टांगलेलं असेल, दाराशी चालायच्या वहाणा पडून असतील, तर त्यांना पुजू नका, चांगला दिवस शोधू नका, आणि पहिल्याच दिवशी शंभरही ओढू नका. वीसच ओढा. आज ओढा. आतून कुणी पिठाच्या हातानं आकडे मोजतंय, तोवर ओढा.