भिंतीचं पोट

"काका, भिंत उघडायच्या आधी एक सांगू? हसणार नाही ना?"

"चाळीस वर्षं लोकांची बाथरूमं बघतोय. हसू केव्हाच संपलं. बोल पोरी."

सून दारात उभी होती. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, त्याच्या मुठीत रबरी बदक. तिने आवाज खाली आणला. "ही भिंत वाजते. दर रविवारी सकाळी, एकदाच. टिंग! यांना सांगितलं तर म्हणाले, पाइप असेल. आता पाइपाला रविवार कसा कळतो, सांगा."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर उगाच एक रेघ ओढली. "बघतो," एवढंच म्हणाले.

लोक त्यांना लपवे मिस्त्री म्हणत. कपाटं, पलंग काय, सगळेच करतात. यांचा हातखंडा होता बाथरूमचा पसारा गडप करण्यात. वॉशबेसिनखाली फळी अशी बसवत की बादली, ब्रश, फिनेलची बाटली सगळं तिच्यामागे जाई. मळक्या कपड्यांच्या पेटीला बाकाचं रूप देत. केसांच्या पिनांसाठी दाराच्या आतून लोहचुंबकाची पट्टी. सुनेने सकाळी मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. पांढरी भिंत, वेताची टोपली, बाटलीत एकच हिरवं पान. "असं हवंय." मिस्त्रींनी फोटो हातभर लांब धरून पाहिला होता. "ही माणसं दात घासत नाहीत का?"

ती हसली होती. आतल्या खोलीतून सासूबाईही हसल्या होत्या. मिस्त्रींनाच बोलवा, हा हट्ट त्यांचाच.

कारण भिंतीतलं जुनं आरशाचं कपाट मिस्त्रींच्याच हातचं होतं, चौतीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा सासूबाईंचे यजमान शेजारी उभे राहून काम बघत. मिस्त्री त्यांना साहेब म्हणत. "वापरलेली ब्लेडं टाकायची कुठे हो?" त्यांनी विचारलं होतं. "कचऱ्यात टाकली तर उचलणाऱ्याचा हात कापतो." मिस्त्रींनी मागच्या फळीला बोटभर लांब फट पाडून दिली. तिच्यामागे पाइपांसाठी सोडलेली पोकळी होती. ब्लेड सरकवलं की थेट आत.

"आणि भरली तर?"

"साहेब, तुमचं-माझं आयुष्य सरेल, भिंतीचं पोट नाही भरायचं."

दोघंही तिशीतले. वाक्याला दोघंही खदखदून हसले होते. पुढे कितीतरी घरांत मिस्त्रींनी तशा फटी पाडल्या. अलीकडे पहाटे जाग आली की त्या भिंती डोळ्यांपुढे येत. माणसं गेली, घरं दुसऱ्यांची झाली, आणि आत अंधारात कुणाकुणाचे दाढीचे रविवार तसेच पडून.

साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सून त्यानंतर घरात आली. तिने त्यांना फोटोतच पाहिलं.

मिस्त्रींनी कपाट उतरवलं, खालच्या चार फरशा काढल्या आणि विटेला छिन्नी लावली. वीट सुटली तशी आतून तांबडी भुकटी ओघळली. मागोमाग ब्लेडं. गंजून एकमेकांना चिकटलेली, वड्यांसारखी. मिस्त्री पकडीने एकेक गठ्ठा बादलीत टाकू लागले. मग ढीग घसरला आणि वरचा थर पुढे आला.

तो चमकत होता.

मिस्त्रींनी पकड खाली ठेवली. त्यांनी एक ब्लेड उचलून उजेडात धरलं. साबणाचा डाग नाही, केस नाही. अंगावर अजून तेलाचा हात. कोरं. मालक सहा वर्षांपूर्वी गेला, आणि हे परवाच्या रविवारचं.

"मिस्त्री, सुनेला नका सांगू."

मागे सासूबाई उभ्या होत्या.

"वहिनी, तुम्ही?"

त्या कपड्यांच्या पेटीवर टेकल्या. "रविवारी ते ब्लेड बदलायचे. जुनं आत टाकलं की टिंग व्हायचं, की मी चहा ठेवायचे. हाक नाही, काही नाही. ते गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी ओट्याशी नुसती उभी. दहा वाजले, अकरा वाजले. दिवस सुरूच होईना हो. मग त्यांच्या पुडक्यातलं एक घेतलं, टाकलं."

"आणि पुडकं संपल्यावर?"

"दुकानातून आणते. दुकानदार विचारतो, आजी, दाढी कोण करतं? म्हटलं, नातू. तेव्हा नातू जन्मालाही यायचा होता." त्या हसल्या, हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "मुलाचं ते विजेचं यंत्र. नुसतं घुर्रघुर्र."

"वहिनी, पोर घरभर फिरतंय. त्याने हात घातला तर?"

"कळतं मला. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बुजवायचं तर तुम्हीच बुजवा. परक्या हाताने नको."

दुपारी सून डोकावली आणि बादलीपाशी थबकली. "अगं बाई! एवढी ब्लेडं?"

"तुझ्या सासऱ्यांची. जुनी पद्धत होती."

"आणि ही चकचकीत?"

मिस्त्री हातोडी शोधू लागले. हातोडी हातातच होती. "काही लोखंडाला गंज उशिरा धरतो."

तिने एक ब्लेड नुसतं पाहिलं. मग आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे सासूबाई नातवाला बदकाची गोष्ट सांगत होत्या.

"पोराचा हात पोचायला नको, काका," ती हळूच म्हणाली. "बाकी... तुम्हाला उगाच लपवे मिस्त्री म्हणत नाहीत."

ती गेल्यावर मिस्त्रींनी आपल्या पिशवीतला खिळ्यांचा डबा काढला. तीस वर्षं बरोबर हिंडलेला, कोपरे चेपलेला. खिळे रुमालात बांधले, झाकणाला फट पाडली, आणि डबा पोकळीत पक्का केला. नव्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, औषधांच्या टोपलीमागे, डब्याच्या बरोबर वर, बोटभर लांब, रेघेएवढी एक फट. शोधली तरच सापडणारी.

फरशा बसवायच्या आधी त्यांनी सासूबाईंना बोलावलं. "बघा टाकून."

त्यांनी कागद सोडवून ब्लेड आत सरकवलं. ठण्ण! रिकामा डबा घुमला. सासूबाईंचा चेहरा उतरला. "असं नव्हतं वाजत. राहू द्या, मिस्त्री. तुम्ही केलंत, पुष्कळ झालं."

मिस्त्री खाली बसले. डब्याचं झाकण काढून, बादलीतले गंजलेले गठ्ठे पकडीने उचलून त्यांनी आत अंथरले आणि झाकण पुन्हा लावलं. चौतीस वर्षांपूर्वीचे तळाशी, मग त्यावरचे.

"आता."

टिंग.

अगदी बारीक. लोखंडाने लोखंडाला ओळखल्यासारखं. सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि बाहेर गेल्या.

बाहेर मुलाचा आवाज आला. "आई, काय वाजलं?"

"पाइप आहे रे," सून म्हणाली.

बुधवार होता. मिस्त्रींनी पहिली फरशी उचलली, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.